मुलीचं क्लब सॉकर ते कॉलेजचा संघ: अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी पायरीपायरीने

न्यू जर्सी असो, बे एरिया असो की डॅलस, मराठी घरांतल्या कितीतरी मुली आता लहानपणापासून क्लब सॉकर खेळतात आणि चांगल्या खेळतात. पण कॉलेजच्या संघाचा विषय निघाला की घराघरांत त्याच चुका होतात. मेहनत कुठेच कमी नसते, क्रम चुकतो. हायलाइट व्हिडिओ आधी तयार होतो आणि कॉलेजांची यादी नंतर. कॅम्पचे पैसे आधी भरले जातात आणि कोचला पहिला ईमेल नंतर जातो. नावाजलेली लीग आधी पाहिली जाते आणि मुलीला प्रत्यक्ष किती मिनिटं खेळायला मिळणार, हे सगळ्यात शेवटी. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे. नववी म्हणजे फ्रेशमन आणि बारावी म्हणजे सिनियर, असा हिशेब धरा.

सुरुवातीची तयारी: तीन गोष्टी, एका शनिवारात

पहिली गोष्ट, मुलीशी बोला. मॅच संपवून गाडीतून घरी येताना हा विषय काढू नका. हरल्यावर ती नको म्हणेल, जिंकल्यावर हो म्हणेल. एखाद्या निवांत दिवशी विचारा: कॉलेजची चार वर्षं आठवड्यातले पाच-सहा दिवस सराव, प्रवास आणि मॅचेस हवे आहेत का? उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर तेही चालेल, पण मग खर्चाचे मोठे निर्णय सहा महिने थांबवा.

दुसरी, तिच्या नावाचं वेगळं ईमेल खातं उघडा. त्यात नाव, आडनाव आणि बारावी संपण्याचं वर्ष असावं. लाडाची टोपणनावं नकोत.

तिसरी, एक साधी एक्सेल शीट करा: कॉलेज, डिव्हिजन (कॉलेज संघांचा स्तर: १, २ किंवा ३), कोचचं नाव, ईमेल कधी पाठवला, उत्तर काय आलं, पुढे काय करायचं. शीट मुलगी भरेल, तुम्ही फक्त पाहाल.

१. संघ निवडताना लीगच्या नावाआधी मिनिटं बघा (सातवी ते नववी)

सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप इथेच वाया जातो. मुलींच्या सॉकरमध्ये सध्या सगळ्यात वर दोन राष्ट्रीय लीग आहेत: २००९ पासूनची ईसीएनएल आणि २०२० मध्ये सुरू झालेली गर्ल्स अकॅडमी. त्यांच्याखाली ईसीएनएल रीजनल लीग, डीपीएल, यूएस यूथ सॉकरची नॅशनल लीग वगैरे. वरच्या दोन लीगच्या शोकेसना, म्हणजे कोचना खेळ दाखवण्यासाठी भरवलेल्या स्पर्धांना, कॉलेजचे कोच मोठ्या संख्येने येतात, हे खरं. त्यामुळे ‘कसंही करून ईसीएनएलमध्ये घुसायचं’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो पुष्कळदा चुकीचा ठरतो.

कोच येतो तो मैदानावरच्या मुली बघायला. वरच्या संघात अठरावी खेळाडू म्हणून गेलेली, मॅचमध्ये दहा मिनिटं उतरणारी मुलगी त्याला दिसतच नाही. त्याहून वाईट म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी, जेव्हा खेळ खरा घडतो, तेव्हा ती बेंचवर बसलेली असते. खालच्या लीगमध्ये सत्तर मिनिटं खेळणारी, चेंडू मागून घेणारी, चुका करून सुधारणारी मुलगी दोन वर्षांत तिच्या पुढे जाते. वरच्या संघात ती पहिल्या चौदांत असेल तर जरूर जा. अठरावी असेल तर एक वर्ष थांबा.

ट्रायआउटनंतर (निवड चाचणीनंतर) ऑफर आली की होकार देण्यापूर्वी क्लबला हे विचारा:

- या वयोगटाचा कोच पुढच्या वर्षीही हाच असेल का?
- रोस्टरमध्ये (संघाच्या यादीत) एकूण किती मुली? तिच्या जागेवर आणखी कोण कोण आहे?
- गेल्या तीन वर्षांत इथल्या कोणत्या मुली कोणत्या कॉलेजात गेल्या? फक्त मोठी नावं नकोत, पूर्ण यादी द्या.
- फी सोडून प्रवास, युनिफॉर्म आणि हॉटेल मिळून वर्षाचा अंदाजे आकडा किती?
- मध्येच क्लब सोडला तर उरलेली फी भरावी लागते का?

शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला अवघड वाटतं. तरी विचारा. बहुतेक क्लब पूर्ण वर्षाच्या फीचा करार करून घेतात आणि मुलगी जखमी झाली तरी पैसे परत मिळतीलच असं नाही. हॉटेलचंही असंच. बऱ्याच टूर्नामेंटना त्यांनीच ठरवलेल्या हॉटेलात राहण्याची अट असते, म्हणून बाहेरचा स्वस्त दर बघून बजेट आखू नका.

*सावधान:* २०२६-२७ च्या हंगामापासून वयोगट जानेवारी-डिसेंबरऐवजी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा धरायचं ठरलं आहे. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुली त्यामुळे एक गट खाली येतात. तिचे सगळे सहकारी बदलू शकतात. सध्याचा संघ तसाच राहील असं गृहीत धरून पुढचं ठरवू नका.

२. गुडघे आणि रक्त

या वयातल्या मुलींना एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा मैदानात यायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि ते वर्ष दहावीचं असेल तर पुढची सगळी आखणी कोलमडते. ‘फिफा ११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात धावणं, ताकद, तोल, उडी मारून नीट खाली येणं असे व्यायाम असतात. आठवड्यातून किमान दोनदा नेमाने केला तर दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे. क्लब करून घेतो का ते विचारा. नसेल तर सरावाच्या वीस मिनिटं आधी पोचून मुलीने स्वतः करावा.

आपल्या घरांसाठी दुसरी गोष्ट लोहाची. शाकाहारी आहार, पाळी आणि रोजचं धावणं एकत्र आलं की लोह कमी पडण्याची शक्यता वाढते. मुलगी दुसऱ्या हाफमध्ये मंदावते, कोच म्हणतो फिटनेस कमी आहे, आणि घरी तिला आणखी पळायला लावतात. आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

३. ट्रान्सक्रिप्ट (नववीच्या पहिल्या दिवसापासून)

अभ्यासाचं आपल्याकडे सांगावं लागत नाही, पण एक फट राहते. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, फक्त ठरलेले ‘कोअर’ विषय धरते. डिव्हिजन १ साठी असे १६ कोर्स लागतात: इंग्रजी ४, गणित ३ (अल्जेब्रा १ पासून वर), विज्ञान २, या तिघांपैकी आणखी १, सामाजिक शास्त्र २ आणि इतर मान्य विषय ४. त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या दहातले ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. कोअर जीपीए डिव्हिजन १ ला किमान २.३, डिव्हिजन २ ला २.२. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली.

हे आकडे म्हणजे उंबरठा. चांगल्या कॉलेजांत प्रत्यक्ष प्रवेशासाठी याच्या कितीतरी वर लागतं.

*तपासा:* शाळेचे मान्य कोअर कोर्स एनसीएएच्या साइटवर शाळेच्या नावाने सापडतात. ऑनलाइन किंवा उन्हाळी कोर्स घेण्याआधी तो त्या यादीत आहे का पाहा. वर्ष वाचवायला घेतलेला भूमितीचा कोर्स यादीत नसल्याचं अकरावीत कळणं फार महागात पडतं.

४. यादी (नववीचा उन्हाळा ते दहावी)

डिव्हिजन १ मध्ये मुलींचे सुमारे ३५० संघ आहेत, डिव्हिजन ३ मध्ये चारशेहून जास्त. पालकांना त्यांतली वीस नावं माहीत असतात आणि यादी त्या विसांतच फिरते. डिव्हिजन ३ म्हणजे तिसऱ्या दर्जाचं शिक्षण, हा गैरसमज आधी मनातून काढा. एमआयटी, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन या सगळ्यांचे मुलींचे संघ डिव्हिजन ३ मध्ये खेळतात. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण गरजेनुसार मदत मिळते, काही ठिकाणी गुणवत्तेवरही. आयव्ही लीग डिव्हिजन १ मध्ये आहे, तरीही खेळाची शिष्यवृत्ती देत नाही.

यादी तीस-चाळीस नावांची करा. प्रत्येक कॉलेजसाठी तीन गोष्टी बघायच्या: तिला हवा तो विषय तिथे आहे का, तिच्या जागेवर खेळणाऱ्या किती जणी ती प्रवेश घेईल त्या वर्षी पदवीधर होऊन जातील, आणि त्यांच्या दोन मॅच पूर्ण बघून ‘मी इथे खेळू शकेन’ असं तिला प्रामाणिकपणे वाटतं का. रोस्टर प्रत्येक कॉलेजच्या साइटवर वर्ष आणि पोझिशनसह असतं.

क्लबच्या कोचला ही यादी दाखवा आणि ‘कोणत्या पातळीवर ती पहिल्या वर्षी मैदानात उतरेल?’ असं स्पष्ट विचारा. उत्तर मनासारखं नसेल तरी लिहून ठेवा.

५. व्हिडिओ

तीन-चार मिनिटं पुरतात. सगळ्यात चांगले प्रसंग सुरुवातीला टाका, कारण पुढचं बघायचं की नाही हे कोच पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवतो. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला तिच्याभोवती गोल किंवा बाण हवा. गाणं नको, स्लो मोशन नको. बचावपटू असेल तर फक्त टॅकल दाखवू नका, चेंडू मिळाल्यावर ती पास कुठे देते तेही दाखवा. व्हिडिओ आवडला की कोच पूर्ण मॅच मागतो, म्हणून न कापलेल्या दोन मॅचची लिंक तयार ठेवा.

६. ईमेल: मुलीने लिहायचा (दहावीपासून)

इथे बहुतेक घरं घसरतात. बाबा रात्री बसून सुरेख इंग्रजीत पत्र लिहितात, मुलीच्या नावाने शंभर कॉलेजांना पाठवतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून खचतात. अशी पत्रं कोचला ओळखू येतात. पंधरा वर्षांची मुलगी असं लिहीत नाही, आणि प्रत्यक्ष फोनवर बोलते तेव्हा तफावत उघडी पडते.

विषयाच्या ओळीत पदवीचं वर्ष, पोझिशन, क्लब, जर्सी नंबर. मजकूर दहा-बारा ओळींचा:

- तुमचंच कॉलेज का? यात एक अशी गोष्ट हवी जी फक्त त्या कॉलेजलाच लागू पडेल. ‘तुमच्या डाव्या फुलबॅकला मी गेल्या दोन मॅचमध्ये पाहिलं, ती ज्या तऱ्हेने वर येते तसं खेळायला मला आवडतं,’ इतकं नेमकं लिहा.
- उंची, पोझिशन, जीपीए, कोणता विषय शिकायचा आहे.
- व्हिडिओची लिंक.
- पुढच्या शोकेसचं वेळापत्रक: तारीख, वेळ, मैदान क्रमांक, जर्सीचा रंग.
- क्लब कोचचं नाव आणि फोन.

शोकेसच्या साधारण दहा दिवस आधी एकदा पाठवा आणि वेळापत्रक पक्कं झालं की दोन दिवस आधी एक छोटी आठवण. शोकेस झाल्यावर निकाल आणि नवीन क्लिप. तुम्ही शुद्धलेखन तपासा, वाक्यं बदलू नका.

*महत्त्वाचं:* डिव्हिजन १ आणि २ चे कोच दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत रिक्रूटिंगबद्दल मुलीशी बोलू किंवा लिहू शकत नाहीत. त्याआधी फार तर कॅम्पची माहिती किंवा प्रश्नावली येते. म्हणून शांतता म्हणजे नकार असं समजू नका. कोच ईमेल वाचतात, नोंद ठेवतात आणि मैदानावर येतात. डिव्हिजन ३ चे कोच आधीपासून उत्तर देऊ शकतात.

७. शोकेस आणि आयडी कॅम्प

शोकेसला मैदानाच्या एका बाजूला घडीच्या खुर्च्या मांडून, कॉलेजचा लोगो असलेले जॅकेट घालून कोच बसलेले असतात. हातात रोस्टरचा कागद, त्यावर काही नंबरांभोवती गोल. अनेकदा वीस मिनिटांत उठून ते पुढच्या मैदानावर जातात. तेवढ्या वेळात गोल होईलच असं नाही. चेंडू हातचा गेल्यावर मुलगी लगेच मागे वळते का, पास येण्याआधी खांद्यावरून बघते का, सहकारी चुकली तर काय करते, हे ते टिपतात. समोरच्या बाजूने ‘अगं शूट कर! पुढे पळ!’ असं मराठीत ओरडलं तर अर्थ कळला नाही तरी सूर कळतो, आणि तो मुलीच्या नंबरासमोर नोंदला जाऊ शकतो. गप्प बसायचं. टाळ्या दोन्ही संघांना.

आयडी कॅम्प म्हणजे कॉलेजच्या मैदानावर त्यांच्याच कोचसमोरचा एक-दोन दिवसांचा सराव. ‘आम्ही तुझा खेळ पाहिला, जरूर ये’ असा ईमेल आला की घरात आनंद होतो. पण असे ईमेल शेकडो मुलींना जातात. नियमानुसार हे कॅम्प सगळ्यांसाठी खुले असतात, आणि कॅम्पची फी हे कोचिंग स्टाफच्या उत्पन्नाचं एक साधन असतं. पैसे भरण्याआधी क्लब कोचला त्या कॉलेजात फोन करायला सांगा: ‘हिच्या वर्षासाठी, हिच्या जागेवर तुम्ही मुली शोधताय का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका. यादीतले तीन-चार नीट निवडलेले कॅम्प पुरेसे आहेत.

८. १५ जून आणि त्यानंतर

दहावीनंतरचा उन्हाळा भारतवारीसाठी सोयीचा वाटतो. काहींच्या घरी त्याच उन्हाळ्यात भरतनाट्यमचं अरंगेत्रम ठरलेलं असतं. दोन्ही मोलाचंच आहे, फक्त वर्ष बदला. १५ जूनपासून फोन सुरू होतात, प्लेऑफ आणि कॅम्प त्याच आठवड्यांत असतात, आणि १ ऑगस्टपासून डिव्हिजन १ च्या कॅम्पस भेटी सुरू होतात. पुण्याहून मध्यरात्री व्हॉट्सॲपवर कोचशी बोलणं जमत नाही असं नाही, पण कॅम्पला पोचता येत नाही.

फोन मुलीने घ्यायचा, तुम्ही दुसऱ्या खोलीत. तिने विचारायचे प्रश्न: माझ्या वर्षात किती मुली घेणार? मला कोणत्या जागेवर बघता? संघात इंजिनिअरिंग किंवा प्री-मेडच्या किती जणी आहेत, आणि दुपारची लॅब सरावाच्या वेळेला आली तर काय करता? हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर असतो, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न खरोखर चार वर्षांचा आहे.

त्या दिवशी फोन आला नाही तर घाबरू नका. मोठ्या संघांचे पहिले फोन मूठभर मुलींना जातात. बाकीची निवड अकरावीभर आणि डिव्हिजन ३ मध्ये बारावीपर्यंत चालते. आयव्ही आणि निवडक डिव्हिजन ३ कॉलेजं अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात ट्रान्सक्रिप्ट प्रवेश कार्यालयाकडे देऊन अंदाज घेतात. त्याला प्री-रीड म्हणतात. कोच ‘पाठिंबा देईन’ म्हणाला तर प्री-रीड झालं का आणि काय उत्तर आलं, हे विचारल्याशिवाय अर्ली डिसिजनचा (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असं बंधन असलेला) अर्ज त्या कॉलेजवर खर्च करू नका.

९. पैसे, व्हिसा आणि सही

‘फुल स्कॉलरशिप’ हा शब्द आपल्याकडच्या पार्ट्यांत फार सहज वापरला जातो. या खेळात बहुतेक शिष्यवृत्त्या अर्धवट असतात. २०२५-२६ पासून नियम बदलले. खेळाडूंना महसुलातला वाटा देता येईल अशा नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या डिव्हिजन १ कॉलेजांना शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा उरली नाही, पण मुलींच्या संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू ठेवता येतात. पूर्वी अनेक संघांत तिसाच्या वर मुली असत. म्हणजे शिष्यवृत्तीविना संघात राहणाऱ्यांच्या जागा घटल्या. कोचला विचारा: तुमचं कॉलेज यात आहे का, आणि मी त्या २८ मध्ये धरलेली आहे का?

आकडा डॉलरमध्ये मागा. ‘चाळीस टक्के’ म्हणजे ट्यूशनचे की राहण्या-जेवणासकट, एका वर्षासाठी की चार, जखमी झाल्यास काय, हे लेखी घ्या. तोंडी कमिटमेंट कोणालाच बांधून ठेवत नाही, कॉलेजलाही नाही. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (मुलगी आणि कॉलेज दोघांना बांधणारं पत्र) २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करारच खरा कागद. तो येईपर्यंत इन्स्टाग्रामवर जाहीर करायची घाई नको आणि इतर कोचना नकारही कळवू नका.

एच-४ (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या कुटुंबांनी हे आधी वाचावं. खेळाची शिष्यवृत्ती म्हणजे नोकरी नव्हे, ती एच-४ वरच्या मुलीला मिळू शकते. पण सरकारी फेडरल मदत तिला मिळत नाही, त्यामुळे गरजेनुसार मिळणाऱ्या मदतीत कॉलेज तिला कोणत्या गटात धरतं हे प्रवेश कार्यालयाला विचारावं लागतं. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, आणि बहुतेकींच्या बाबतीत हे कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतं. ग्रीन कार्ड तोवर हातात येईल असं दिसत नसेल तर एफ-१ चा (विद्यार्थी व्हिसाचा) अर्ज वेळेत करा. आणि जाहिरातींचे, कॉलेजच्या महसूल वाट्याचे किंवा सोशल मीडियाचे पैसे कोणी देऊ केले तर इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, कारण एच-४ आणि एफ-१ दोन्हींवर कमाईची बंधनं आहेत. संघातल्या इतर मुली घेतात म्हणून आपलीनेही घेतले, तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो.

बारावीच्या ऑक्टोबरपर्यंत काहीच जमलं नाही तर

शीट पुन्हा उघडा. डिव्हिजन ३ आणि एनएआयएच्या (एनसीएएहून वेगळ्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या) कॉलेजांत जागा वसंतापर्यंत निघतात, आणि मुली संघ बदलतात तेव्हा डिव्हिजन १ आणि २ मध्येही अचानक जागा होते. मुलीने यादीतल्या दहा कोचना ताज्या क्लिपसह तीन ओळींचा ईमेल पाठवावा: ‘तुमच्या पुढच्या वर्षीच्या संघात माझ्या पोझिशनची गरज अजून आहे का?’ दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून खेळून मग बदली घेणं हाही खरा मार्ग आहे. आणि तिला आवडलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल पण संघात जागा नसेल, तर तिथला विद्यार्थ्यांचा क्लब संघ बघा. मोठ्या विद्यापीठांत त्यांच्या निवड चाचण्या सत्र सुरू होताच होतात, त्यामुळे बूट आणि शिनगार्ड पहिल्याच बॅगेत भरा.